मुहम्मदचा मधुमती

परवा शनिवारी टीममधल्या एका मित्राबरोबर डहाणूला गेलो होतो. तलासरीजवळ हायवेवर चहाला थांबलो. तीन वर्षं आम्ही एकत्र डबा खातोय, पण इस्लाममध्ये नेमकं काय मानतात हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली, म्हणून विचारलं. त्याने बोटं मोजली: एकच अल्ला, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर. "सहा. बस्स."

"पैगंबर म्हणजे अवतारच ना?" मी.

"नाही रे! माणूसच. निरोप घेऊन येणारा."

गंमत अशी की ही चूक हजार वर्षांपूर्वी चक्क नाण्यावर छापली गेलीय. 1027-28 साली गझनीच्या महमूदाने लाहोरला चांदीची नाणी पाडली. एका बाजूला अरबी कलमा, दुसऱ्या बाजूला तोच संस्कृतात. अल्लासाठी शब्द 'अव्यक्त' आणि 'एक'. हे मस्त जमलंय! पण पुढे मुहम्मद पैगंबरांसाठी 'अवतार'. म्हणजे देवच खाली उतरला, आणि इस्लामला नेमकं तेच मान्य नाही. कोड कंपाइल झाला, आउटपुट भलताच.

पुढे 1264 मध्ये होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या जहाजमालकाने सोमनाथजवळ मशीद बांधली. तिच्या संस्कृत लेखात अल्लाला विश्वनाथ, शून्यरूप, विश्वरूप म्हटलंय, आणि पैगंबरांना 'बोधक'. बोधक! मित्राला हा शब्द एकदम पटला.

असो. आम्ही निघालो होतो चिंचणीला, आणि तिथली गोष्ट या दोन्हींहून जुनी आहे. डहाणू तालुक्यातल्या या गावात 1955 साली राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848, म्हणजे इ.स. 926 चा, तिसऱ्या इंद्राच्या काळातला. तेव्हा संयान मंडलाचा, म्हणजे तलासरीपलीकडच्या, आता गुजरातेत असलेल्या संजाणचा, कारभारी होता 'ताजिक' मधुमती सुगतिप. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मदचंच संस्कृत रूप, असं ताम्रपट वाचणाऱ्या दिनेशचंद्र सरकारांनी मांडलं.

या मधुमतीने दोन नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. अन्नछत्र काढलं, त्यात भात, कालवण आणि तूप. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला राजाच्या परवानगीने एक गाव दिलं: डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी.

त्या सहा गोष्टींपैकी एकही ताम्रपटात नाही. त्या त्याने लोकांना सांगितल्या असतील का, आणि कुठल्या शब्दांत, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. अन्नछत्रात जेवताना कुणीतरी विचारलं तर असेलच ना? की तीन वर्षं माझ्यासारखंच नुसतं जेवले?

परतताना मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मुहम्मदचा मधुमती... मग त्यांनी माझ्या नावाचं काय केलं असतं रे?"

चारोटी येईपर्यंत आम्ही तेच शोधत होतो.