सुईच्या टोकावरचा अणू

अणू पाहिला कोणी, असं विचारलं की १९८१ च्या स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाचं नाव सहज पुढे येतं. पण त्याआधी पाव शतक, १९५५ मध्येच, टंग्स्टनच्या सुईच्या टोकावर एकेक अणू वेगळा दिसला होता. त्यामागे एर्विन म्युलर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाची जवळजवळ वीस वर्षांची चिकाटी होती. तिची आठवण फारशी काढली जात नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

१९११ मध्ये बर्लिनला जन्मलेले म्युलर हे नोबेलविजेते गुस्टाव्ह हर्ट्झ यांचे विद्यार्थी. १९३६ मध्ये, सीमेन्सच्या प्रयोगशाळेत असताना, त्यांनी भिंगच नसलेला सूक्ष्मदर्शक रचला. निर्वात नळीत धातूची अतिसूक्ष्म टोकाची सुई, समोर चकाकणारा पडदा. सुईला प्रचंड ऋण विद्युतदाब दिला की टोकातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पसरत जाऊन पडद्यावर टोकाचं चित्र उमटवतात. टोकाची त्रिज्या मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी आणि पडदा काही सेंटिमीटर दूर, एवढ्यानेच चित्र लाखो पटींनी मोठं होतं. अणू मात्र दिसेनात. इलेक्ट्रॉन आडवेही सरकतात, त्यामुळे बारकावे पुसले जात.

युद्धानंतर बर्लिनच्या डालेममध्ये काम करताना म्युलर यांनी विजेची दिशाच उलटी केली. आता सुई धन, आणि नळीत किंचित वायू. टोकावर जिथे अणू उंचवट्यासारखा वर आलेला असतो, तिथे विद्युतक्षेत्र सर्वांत तीव्र. तिथेच वायूचा कण इलेक्ट्रॉन गमावतो आणि आयन होऊन पडद्याकडे झेपावतो. १९५१ मध्ये फील्ड आयन सूक्ष्मदर्शक असा जन्मला. पुढच्याच वर्षी म्युलर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गेले.

उरलेली अडचण उष्णतेची होती. वायूचे कण स्वतःच्या गतीने इकडेतिकडे हलत आणि ठिपके पसरत. सुई अतिशीत केली, हेलियम वापरला, आणि म्युलर व त्यांचे भारतीय संशोधक विद्यार्थी कँवर बहादूर यांना पडद्यावर टंग्स्टनचे अणू दिसले: वर्तुळाकार ओळींत मांडलेले, सुटे, मोजता येण्याजोगे.

मला याहून मोलाची वाटते ती याच तंत्रातली आणखी एक गोष्ट. क्षेत्र वाढवलं की धातूचेच अणू टोकावरून उपटले जातात. वर आलेले आधी निघतात आणि पृष्ठभाग आपोआप घासूनपुसून गुळगुळीत होतो. याच उपटण्यातून म्युलर यांनी १९६७ मध्ये, जॉन पॅनिट्झ आणि ब्रुक्स मॅक्लेन यांच्यासह, अणुशोधक यंत्र मांडलं. पडद्याला छोटं भोक ठेवायचं, हवा तो ठिपका त्या भोकावर आणायचा, विजेचा क्षणिक झटका देऊन तो अणू सोडवायचा आणि पलीकडे पोचायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. जड अणू हळू, हलका झपाट्याने. अणू दिसतो एवढ्यावर न थांबता तो कोणत्या मूलद्रव्याचा, हेही त्यावरून कळतं.

म्युलर १९७७ मध्ये वारले. त्यांच्या यंत्राचे आजचे वंशज पोलाद आणि इंजिनांचे मिश्रधातू अणूअणूने सोलून त्यांचा त्रिमितीय नकाशा काढतात.