अर्बुदनिदान : प्राचीन इजिप्त आणि धाराशिव जिल्हा

पेशींच्या बेबंद वाढीतून शरीरात होणाऱ्या गाठीला अर्बुद म्हणतात. प्रत्येक अर्बुद कर्करोगाचेच असते असे नाही. हा भेद पेशींवरून ओळखण्याचे साधन प्राचीन इजिप्तमधील वैद्यांपाशी नव्हते, त्यामुळे त्यांचे सारे निदान डोळे, हात आणि नाक यांवर चाले. इ. स. पू. सुमारे १६०० मधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये (पपायरस म्हणजे पाणवनस्पतीच्या देठांपासून केलेला लेखनपट) ४८ रुग्णांची वर्णने असून, पंचेचाळिसावे छातीवर पसरलेल्या, हाताला थंड लागणाऱ्या फुगीर गाठींचे आहे. जखमा व हाडमोडीवर तपशीलवार उपचार सांगणारा हा लेखक तेथे मात्र उपचार नसल्याचे नोंदवतो. त्याहून सुमारे दोन शतके जुन्या काहून पपायरसमध्ये गर्भाशयाच्या दुखण्यात भाजल्या मांसासारखा वास येणाऱ्या स्त्रीची नोंद आहे. काही अभ्यासक त्या दुखण्याला गर्भाशयाचा कर्करोग मानतात, परंतु केवळ वासावरून तसे ठामपणे म्हणणे योग्य नव्हे. प्राचीन भारतातील वैद्यकग्रंथ सुश्रुतसंहितेने खोल मुळाच्या, सावकाश वाढणाऱ्या आणि न पिकणाऱ्या गाठीला अर्बुद म्हटले असून, काढताना अंश उरल्यास ती पुन्हा वाढते असा इशारा दिला आहे.

डोळ्यांना वा नाकाला कळण्याआधीच कर्करोग गाठता येतो का, याचे मोलाचे उत्तर धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील खेड्यांनी दिले. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या आणि गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले होते. एका गटाची एचपीव्ही चाचणी, म्हणजे या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूचा शोध, एकदाच घेण्यात आली; दुसऱ्याची पेशीतपासणी झाली, तर तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग डोळ्यांनी पाहण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांत एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४, तर तपासणी न झालेल्या चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४ या कर्करोगाने दगावल्या. उरलेल्या दोन गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणी कोठे मिळते एवढीच माहिती दिली होती, म्हणून त्या ६४ मृत्यूंवरून पुढे संशोधननीतीचा वाद झाला, आणि तो रास्तच होता.