पत्र आधी की पेशंट आधी? ब्रिटनमधील जीपी आणि औषध-इशाऱ्यांचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास शिकताना आपण शोधांकडे पाहतो. पेनिसिलिन कोणी शोधले, देवीची लस कशी आली, क्षयरोगावर औषध कधी मिळाले, हे प्रश्न परीक्षेतही येतात. या पाठात एक वेगळा प्रश्न घेऊ. एखादे औषध धोकादायक आहे हे राजधानीतल्या समितीला कळले, तर ते गल्लीतल्या डॉक्टरला कसे कळते आणि किती वेळात? प्रश्न टपालखात्याचा वाटेल, पण त्यावर माणसांचे जीव आणि संसार अवलंबून असतात. अभ्यासासाठी आपण ब्रिटन निवडले आहे. सरकार आणि सामान्य डॉक्टर यांच्यातला पत्रव्यवहार तिथे दीर्घकाळ, नियमाने आणि नोंदी ठेवून चालत आला, त्यामुळे तो अभ्यासता येतो.

प्रथम 'जीपी' म्हणजे काय ते समजून घ्या. जनरल प्रॅक्टिशनर म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारखाच, पण एक मोठा फरक आहे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांसाठी डॉक्टरांची यादी तयार झाली आणि विमाधारकाने त्या यादीतल्या एका डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असा नियम झाला. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली तेव्हा ही पद्धत सगळ्या नागरिकांना लागू झाली. जीपी हा सरकारी नोकर नव्हे. तो करारावर काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि त्याच्याकडे किती लोकांची नावे आहेत यावर त्याचे बरेचसे मानधन ठरते. मानधन द्यायचे तर पत्ता हवा. त्यामुळे देशातला प्रत्येक जीपी कुठे बसतो याची अद्ययावत यादी स्थानिक कार्यालयात आपोआप तयार झाली. ही यादी पैशांच्या हिशेबासाठी होती, पण पुढे इशारे पाठवायलाही तीच उपयोगी पडली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागेल.

थॅलिडोमाइड आणि त्यानंतर

थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध ब्रिटनमध्ये १९५८ साली 'डिस्टावल' या नावाने बाजारात आले. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिले जाई. गर्भातल्या बाळाचे हातपाय नीट वाढत नाहीत असा संशय जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातून आल्यावर कंपनीने १९६१ च्या डिसेंबरच्या आरंभी ते मागे घेतले आणि वैद्यकीय नियतकालिकांत तसे पत्र छापून आणले. औषध मागे घेण्याचा निर्णय झाला, पण तो प्रत्येक दवाखान्यापर्यंत आणि प्रत्येक घरापर्यंत नेण्याची सक्तीची यंत्रणा नव्हती. त्या आठवड्याचा अंक ज्याने उघडला नाही, त्याला ही बातमी कळायची कशी? त्यातच हे औषध एका नावाने विकले जात नव्हते. दम्यासाठीच्या मिश्रणात 'अस्मावल', डोकेदुखीच्या मिश्रणात 'व्हालग्रेन' अशी त्याची आणखी नावे होती. डिस्टावल बंद झाले हे माहीत असलेल्या डॉक्टरला दुसऱ्या बाटलीत तेच द्रव्य आहे हे ठाऊक असेलच असे नव्हते. आणि लोकांच्या कपाटांत उरलेल्या गोळ्या होत्याच.

या धक्क्यानंतर १९६३ मध्ये औषध सुरक्षा समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते सर डेरिक डनलॉप. १९६४ च्या मे महिन्यात डनलॉप यांनी देशातल्या सर्व डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना पत्र लिहिले. कोणत्याही औषधाचा संशयास्पद परिणाम दिसला तर आम्हाला कळवा, सिद्ध झालेला नसला तरी कळवा, असे ते आवाहन होते. कळवण्यासाठी पोस्टाचा खर्च आधीच भरलेले पिवळे कार्ड दिले गेले. आजही ही योजना 'यलो कार्ड' याच नावाने चालते.

बहुतेक पुस्तकांत यलो कार्ड म्हणजे माहिती गोळा करण्याची योजना असे लिहिलेले असते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कार्ड खालून वर जात असे, तर त्याच वाटेने वरून खाली इशारा यायचा. डॉक्टरने वेळ काढून कार्ड भरावे असे वाटत असेल, तर त्याला उत्तरादाखल उपयोगी काही मिळाले पाहिजे.

उत्तर मिळाल्याचे चांगले उदाहरण १९६७ चे आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुणांची, विशेषतः दहा ते चौदा वयाच्या मुलांची, संख्या झपाट्याने वाढत होती. याच काळात आयसोप्रेनालिनचे दाबाखालचे फवारे, म्हणजे आजच्या इनहेलरचे पूर्वज, सर्रास वापरात आले होते आणि काही काळ चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत होते. समितीने १९६७ च्या जूनमध्ये डॉक्टरांना इशारा पाठवला की फवाऱ्याचा अतिवापर धोक्याचा असू शकतो. पुढच्या वर्षी हे फवारे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. मृत्यू कमी झाले. सगळे श्रेय इशाऱ्याचेच का, यावर नंतर वाद झाले, कारण त्याच काळात दम्याचे उपचारही बदलत होते. तरी घटनांचा क्रम पाहा: शंका, मोजणी, पत्र, दवाखान्यातला बदल. व्यवस्था जशी चालावी अशी अपेक्षा होती, तशी ती इथे चालली.

ऑक्टोबर १९९५

आता ती चालली नाही तो प्रसंग पाहू. मला विचाराल तर या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

१८ ऑक्टोबर १९९५ रोजी ब्रिटनच्या औषध सुरक्षितता समितीने (जुन्या समितीची ही उत्तराधिकारी) एक तातडीचे पत्र काढले. डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडिन असलेल्या सात ब्रँडच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या सुमारे दुप्पट आहे, असे त्यात म्हटले होते. सुमारे १५ लाख स्त्रिया या गोळ्या घेत होत्या. पत्र जीपी, फार्मासिस्ट आणि सार्वजनिक आरोग्य अधिकारी अशा सुमारे १,९०,००० जणांना जायचे होते. त्याच सुमारास वृत्तमाध्यमांतूनही घोषणा झाली.

दूरचित्रवाणीची बातमी त्याच क्षणी घराघरांत पोहोचते, टपाल पोहोचत नाही. अनेक डॉक्टरांना ही बातमी पेशंटच्या आधी नव्हे, पेशंटबरोबर किंवा पेशंटकडूनच कळली. त्या काळी बहुतेक दवाखान्यांत ई-मेल नव्हता, आणि एनएचएसचे स्वतःचे संगणक जाळे तेव्हा नुकतेच उभे राहत होते. तुम्ही स्वतःला त्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या जागी ठेवून पाहा. सकाळी फोन वाजतो. पलीकडची बाई विचारते, "माझी गोळी त्या सातांत आहे का? आज घेऊ की नको?" तुमच्यासमोर यादी नाही. डॉक्टरसाहेबांनाही तुमच्याइतकेच माहीत आहे. फोन ठेवताच पुन्हा वाजतो.

पत्रात काय होते हे पाहिले म्हणजे या उशिराची किंमत कळते. गोळ्या मध्येच सोडू नका, हातातले पाकीट पूर्ण करा आणि डॉक्टरांना भेटा, असा सल्ला त्यात होता. आकडेही होते. गोळी न घेणाऱ्या एक लाख निरोगी स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे ५ जणींना गुठळी होते, जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १५, नव्या गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे ३० आणि गरोदरपणात सुमारे ६०. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. घाबरून गोळी सोडणारी आणि त्यामुळे दिवस जाणारी स्त्री ज्या धोक्यापासून पळत होती, त्याच्या दुप्पट धोक्यात जात होती. पण बातम्यांतून लोकांपर्यंत गेला तो एकच शब्द, 'दुप्पट'. पंधराचे तीस झाले हे सांगायला कोणीतरी समोर बसलेले, विश्वासाचे माणूस लागते. ते माणूस जीपीच होते, आणि नेमके त्यालाच आधी सांगितले गेले नव्हते.

पुढे काय झाले? १९९० पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या गर्भपातांची संख्या कमी होत आली होती. १९९५ मध्ये ती सुमारे १,५४,००० होती, ती १९९६ मध्ये सुमारे १,६८,००० झाली. जन्मांची संख्याही वाढली. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहायला हवे. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली असे होत नाही. पण वाढ सुरू होण्याची वेळ घोषणेशी इतकी जुळते की बहुतेक अभ्यासकांनी या वाढीच्या मोठ्या भागाचा संबंध त्या घबराटीशी जोडला आहे. या आकड्यांमागे प्रत्येक वेळी एका स्त्रीचा अनपेक्षित गरोदरपणा आणि तिने घेतलेला अवघड निर्णय आहे, हे तक्ता वाचताना विसरू नका.

समितीवर सगळा दोष टाकणे सोपे आहे. तिच्या बाजूनेही पाहा. तीन अभ्यासांचे निष्कर्ष हाती आले होते, पण ते अजून छापले गेले नव्हते. ते डिसेंबर आणि जानेवारीत प्रसिद्ध झाले. धोका माहीत असूनही गप्प बसावे, तर थॅलिडोमाइडची आठवण पाठीशी उभी. आधी फक्त डॉक्टरांना सांगावे, तर बातमी फुटण्याची भीती. समितीने ताबडतोब बोलायचे ठरवले. मात्र परिणामी जीपीच्या हातात ना वेळेवर पत्र आले, ना पुरावा तपासण्याची सोय. युरोपातल्या औषध समितीने त्या वेळी इतका कडक सल्ला देणे टाळले आणि ब्रिटननेही १९९९ मध्ये आपली बंधने सैल केली. माझ्या मते बोलण्याचा निर्णय समर्थनीय होता, पण ज्या क्रमाने बोलले गेले तो समर्थनीय नव्हता.

कागदांचा ढीग

मग जास्त पत्रे, जास्त सूचना पाठवाव्यात का? त्याचेही उत्तर त्याच दशकात मिळाले. १९९८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा, काहीसा गमतीदार अभ्यास आला. केंब्रिज आणि हंटिंगडन भागातल्या २२ दवाखान्यांतून तिथल्या सगळ्या उपचार-मार्गदर्शिका गोळा केल्या. निघाल्या ८५५. एकावर एक रचल्या तर ६८ सेंटीमीटर उंच आणि वजन २८ किलो. यात मानधनाचे फॉर्म, लसीकरणाची उद्दिष्टे, नोंदणीचे बदललेले नियम असे प्रशासकीय टपाल धरलेलेच नाही. तातडीचे पत्र वेळेवर आले तरी ते अशाच ढिगात येऊन पडत होते. ढीग उपसण्याचे काम डॉक्टरकडून हळूहळू प्रॅक्टिस मॅनेजर नावाच्या कर्मचाऱ्याकडे गेले. या पदाचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही, पण कोणते पत्र आज टेबलावर ठेवायचे आणि कोणते शुक्रवारच्या बैठकीला, हे ठरवणारा माणूस रोग्याच्या सुरक्षिततेचाही एक दुवा असतो.

नव्या शतकात या अनुभवातून दोन गोष्टी बदलल्या. पहिली, तातडीनुसार वर्गवारी. सदोष औषध मागे घेण्याच्या इशाऱ्यांना वर्ग दिले गेले: पहिल्या वर्गात लगेच कृती, दुसऱ्यात ४८ तासांत, तिसऱ्यात पाच दिवसांत आणि चौथ्यात फक्त सावधगिरी. उघडताच किती घाई आहे ते कळावे हा हेतू. दुसरी, एकच मार्ग. २००८ मध्ये केंद्रीय इशारा प्रणाली सुरू झाली आणि वेगवेगळ्या वाटांनी येणारे तातडीचे इशारे एका ठिकाणाहून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाऊ लागले. घाई नसलेली औषधविषयक माहिती २००७ पासून दरमहा निघणाऱ्या वेगळ्या पत्रिकेत गेली.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेल्या यादीकडे परत येऊ. इतक्या चुका होऊनही ब्रिटनमध्ये पत्र कोणाला पाठवायचे हा प्रश्न कधी पडला नाही. भारतात नेमका तोच पहिला प्रश्न आहे. आपल्याकडे बाह्यरुग्णांचा मोठा भाग खाजगी दवाखान्यांत जातो. डॉक्टरची नोंद राज्य वैद्यकीय परिषदेकडे असते, पण नोंदीतला पत्ता म्हणजे आज जिथे पाटी लागली आहे तो पत्ता असेलच असे नाही, आणि रोग्याने एकाच डॉक्टरकडे नाव नोंदवण्याची पद्धतही नाही. ७ मे २०१२ रोजी केंद्र सरकारने क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले. आदेश काढणे एका दिवसाचे काम होते. तो दवाखान्या-दवाखान्यांत नेण्यासाठी क्षय कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांना आणि डॉक्टरांच्या संघटनांना पुढे अनेक वर्षे दारोदार फिरावे लागले. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र आज गाझियाबादला आहे आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तिथे जमा होतात.

स्वाध्याय म्हणून एक काम करा. तुमच्या भागातल्या एखाद्या फॅमिली डॉक्टरांना भेटा आणि अलीकडे एखादे औषध बंद झाले किंवा त्याबद्दल इशारा आला तेव्हा त्यांना तो प्रथम कोणाकडून कळला ते विचारा: परिषदेकडून, औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटातून, वर्तमानपत्रातून की समोर बसलेल्या पेशंटकडून? त्यांचे उत्तर तारखेसह लिहून ठेवा.