मोटारशर्यतींतील पोलादी कवच

मोटारींची शर्यत म्हटली कीं सामान्य माणसाच्या मनांत वेग, वळण आणि ब्रेक यांचेच विचार येतात. इंजिनांत उत्पन्न झालेली शक्ति चाकांपर्यंत पोंचविणारी जी यंत्रमाला गाडीच्या तळाशीं अखंड फिरत असते, तिची आठवण सहसा कोणास होत नाहीं. ही माला चालकाच्या पायांशेजारून, कित्येक गाड्यांत तर त्याच्या आसनाखालून जाते. तिचा एखादा दुवा भर वेगांत तुटला तर काय होईल? लहान गाड्यांच्या हौशी शर्यतींत या प्रश्नाचें उत्तर कसें सांपडत गेलें, तो इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ सांखळीपासून होतो. इंग्लंडांत 1910 सालीं गॉडफ्रे आणि आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश या दोघां तरुणांनीं ‘जी. एन.’ नांवाची हलकी गाडी काढली. पहिल्या महायुद्धानंतरच्या जी. एन. गाड्यांत मागील आंसाकडे शक्ति नेण्यास सायकलीप्रमाणें सांखळ्या योजिल्या होत्या. प्रत्येक गिअरला एक स्वतंत्र सांखळी. पुढें फ्रेझर-नॅश यांच्या नांवानें निघालेल्या गाड्यांतहि 1939 पर्यंत हीच रचना टिकून राहिली. गाडी वजनानें हलकी. गिअर झटकन् बदले. दांतेरी चाक बदललें कीं निराळ्या शर्यतीस ती सज्ज होई. शेल्स्ली वॉल्शच्या चढणीवर हौशी चालक अशा गाड्या मोठ्या ईर्षेनें हांकीत. परंतु सांखळीला नित्य तेल लागे, तिचा ताण वारंवार पाहावा लागे, आणि तेवढी दक्षता घेऊनहि ती कधींतरी तुटेच.

सांखळीचें भय सर्वांच्या मनांत बसलें तें मात्र एका प्रचंड गाडीमुळें. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर पॅरी-थॉमस यांनीं 1926 सालीं ‘बॅब्ज’ नांवाच्या 27 लिटर इंजिनाच्या गाडींतून ताशीं 171 मैलांचा विक्रम केला. पुढल्याच वर्षीं कॅम्पबेल यांनीं तो मोडला. तो परत मिळविण्याच्या प्रयत्नांत 3 मार्च 1927 रोजीं बॅब्ज उलटली आणि पॅरी-थॉमस जागच्या जागीं गतप्राण झाले. उजव्या बाजूची सांखळी तुटून त्यांच्या मस्तकावर आदळली असें तेव्हां सर्वांनीं मानलें. गाडी तेथेंच वाळूंत पुरण्यांत आली. 1969 सालीं ती उकरून काढल्यावर, आधीं मागचें चाक मोडलें असावें, असाहि तर्क पुढें आला. दोष सांखळीचा असो वा चाकाचा, चालक आणि तुटणारें लोखंड यांमध्यें भक्कम आडोसा हवा, हा धडा दोन्ही पक्षीं तोच राहतो.

सांखळी गेली, पण संकट गेलें नाहीं. 1922 सालीं निघालेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही 747 घनसेंटिमीटरची चिमुकली गाडी हौशी मंडळींची आवडती झाली. तिचें मूळ इंजिन मिनिटास 2400 फेऱ्यांना साडेदहा अश्वशक्ति देई. शर्यतीसाठीं त्याच्या फेऱ्या दुप्पट केल्या म्हणजे फ्लायव्हीलला फाडूं पाहणारा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. 30 सेंटिमीटर व्यासाचें फ्लायव्हील मिनिटास 6000 वेळां फिरूं लागलें कीं त्याच्या कडेचा वेग ताशीं सुमारें 340 किलोमीटर भरतो. अशा वेळीं बिडाला एखादी बारीक चीर असली तर तुकडे तोफेच्या गोळ्याप्रमाणें सुटतात. आणि ते ज्या पातळींत उडतात तिच्या लगतच चालकाचे पाय असतात. क्लचवरील ॲल्युमिनियमचें पातळ आवरण त्यांना कसें अडविणार?

तीच गोष्ट गिअरबॉक्सपासून मागील आंसापर्यंत जाणाऱ्या शाफ्टची. मागचा जॉइंट मोडला तर शाफ्ट नुसता आपटत राहतो. पुढचा मोडला तर मात्र त्याचें मोकळें टोंक जमिनींत रुततें, आणि वेगांत असलेली गाडी त्यावर उचलली जाऊन उलटूं शकते.

अनुभवांतून नियम झाले. 1944 मध्यें स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या हौशी चालकांच्या संस्थेनें क्लच वा फ्लायव्हील फुटून चालकास धोका पोंचण्याचा संभव असेल तेथें पोलादी कवच आवश्यक ठरविलें. साधें पोलाद असेल तर त्याची जाडी 1/4 इंच हवी. सांखळीच्या गाडीला सांखळी अडवून धरणारें आवरण हवें, असेंहि त्यांत नमूद आहे. सरळ रस्त्यावरील शर्यती चालविणाऱ्या अमेरिकन संस्थेनें शाफ्टसाठीं पुढच्या जॉइंटपासून 6 इंचांच्या आंत पोलादी कडें बसविण्याचा दंडक घातला. पट्टीचें कडें केल्यास ती 2 इंच रुंद व 1/4 इंच जाड असावी लागते.

या साधनांनीं गाडीचा वेग रतिमात्रहि वाढत नाहीं. उलट थोडें वजनच वाढतें. म्हणूनच हौशी चालकाला त्यांचा कंटाळा येतो. त्यानें फ्लायव्हीलची चीर शोधावी, बोल्ट नवे घालावे, जॉइंट हलवून पाहावा. हें सर्व तुटूं नये म्हणून. कवच आणि कडें हीं मात्र तुटल्यानंतरच्या क्षणासाठीं असतात. उत्तम कारागिराच्या हातूनहि कधीं चूक राहते, हें ज्यानें ओळखलें, त्यानेंच तीं प्रथम बसविलीं असतील.