कठीण इंग्रजी शब्द आणि त्यांचे घरचे अर्थ

आपल्या ज्ञातीतील जुन्या घरांच्या माळ्यावर अद्यापही एखादा पुठ्ठा निखळलेला इंग्रजी-मराठी कोश आढळतो. मॅट्रिकची वाट तुडविणाऱ्या पिढ्यांनी कठीण शब्दांचे अर्थ अशाच ग्रंथांतून वहीत उतरून पाठ केले. ते अर्थ सिद्ध कसे झाले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मोलस्वर्थ हे लष्करातील इंग्रज अधिकारी. आपले लोक त्यांस ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. जॉर्ज व थॉमस कँडी या जुळ्या बंधूंच्या आणि एतद्देशीय शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश पुरा केला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृतींचा मराठी कोश तत्पूर्वीच, १८२९ साली, निघाला होता. पुढे मोलस्वर्थांनी इंग्रजी-मराठी कोश आरंभिला. परंतु प्रकृती ढासळल्याने ते स्वदेशी परतले, व थॉमस कँडी यांनी तो १८४७ साली तडीस नेला. आधी मराठीची मोजदाद आणि मग इंग्रजीचे अर्थ, हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

‘हायपॉटेन्यूज’ म्हणताना विद्यार्थ्याची बोबडी वळे; पण त्याचा ‘कर्ण’ भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’पासून आपल्या घरीच होता. ‘डायमीटर’ म्हणजे व्यास, ‘पर्पेंडिक्युलर’ म्हणजे लंब. अर्थ ओळखीचा निघाला की परका शब्द निम्मा पाठ झालाच. ‘कॉन्शन्स’ची गोष्ट निराळी. त्यास ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा प्रतिशब्द योजला गेला; शब्द परवडला, पण अर्थ आवरेना!

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत उतरलेले रानडे व भांडारकर पुढे दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने वावरले. आज आपली मुले इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच घोकतात. भूमितीत पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या नातवास ‘कर्ण’ म्हटले, तर त्यास केवळ महाभारतातला आठवतो. आम्हांस याचे वाईट वाटते.

मोलस्वर्थांचा कोश १९७५ साली पुण्यात पुन्हा छापला गेला. आता तो संगणकावरही पाहता येतो. तथापि, कोणा सभासदाच्या घरी कँडींच्या कोशाची जुनी प्रत असल्यास ती रद्दीत न घालता मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. बांधणीचा खर्च आम्ही आनंदाने सोसू.