फुलवालीचा प्रश्न

बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' या रूपाने ते मराठीत आणले, त्यामुळे त्यातील प्राध्यापक आणि फुलवाली आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. मूळ नाटकाच्या पहिल्या अंकाकडे आम्ही येथे एका वेगळ्याच कारणासाठी वळत आहोत. लंडनमध्ये पाऊस कोसळत आहे, चर्चच्या ओसरीत माणसे आडोशाला उभी आहेत आणि एक गृहस्थ एलायझा नावाच्या फुलवालीचे बोलणे वहीत टिपून घेत आहे. कोणीतरी हे तिच्या लक्षात आणून देते. हा पोलिसांचा खबऱ्या असावा असे वाटून ती घाबरते. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते दाखवा, असा ती हट्ट धरते. वही तिच्यासमोर धरली जाते, पण त्यातील लिपी तिला वाचता येत नाही.

या एलायझाचे नाव पुढे एका संगणक-प्रणालीला मिळाले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा'विषयीचा आपला लेख १९६६ साली प्रसिद्ध केला. नाटकातील फुलवालीप्रमाणे या प्रणालीचेही बोलणे शिकवून सुधारता येते, म्हणून हे नाव. तिची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारकाची. समोरच्याने टंकलिहिलेल्या वाक्यातील एखादा शब्द उचलावा, 'मी'चे 'तुम्ही' करावे आणि तेच वाक्य प्रश्न म्हणून परत करावे, एवढीच तिची विद्या. वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने ही प्रणाली तयार होताना कित्येक महिने पाहिली होती. तरीही तिच्याशी दोन-चार वाक्यांची देवाणघेवाण होताच त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. हा प्रसंग त्यांनी १९७६ सालच्या 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' या ग्रंथात नोंदवला आहे आणि तो वारंवार सांगितला जातो.

त्याच ग्रंथातील दुसरा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. लोकांनी एलायझाशी केलेली संभाषणे एकत्र पाहता येतील अशी व्यवस्था करावी, असे वायझेनबाउम यांनी एकदा सुचवले. त्यावर आरोपांची सरबत्ती झाली. लोकांच्या अगदी खाजगी विचारांवर ही पाळत आहे, असे त्यांना सुनावले गेले. नाटकातील फुलवालीचीच ही तक्रार, आणि तीही तिचेच नाव धारण करणाऱ्या यंत्राच्या निमित्ताने! मानसिक आरोग्याच्या अ‍ॅपचा वापरकर्ता कसा अभ्यासावा, या आजच्या प्रश्नाची सुरुवात आमच्या मते या प्रसंगापासून होते. समोर माणूस नाही म्हणून मन मोकळे झाले. आणि आता ते मोकळे झालेले मन माणूसच वाचू पाहतो.

अभ्यासाची गरज खोटी आहे असे मात्र कोणी समजू नये. ९३ मानसिक आरोग्य अ‍ॅप्सची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ती सांगते की, अ‍ॅप घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ ३.३ टक्के होते. बाकीचे का निघून गेले हे कळल्याशिवाय अ‍ॅप सुधारणार कसे? निघून गेलेला माणूस मुलाखतीला येत नाही. आलेला माणूस भिडेखातर बरेच बोलतो. म्हणून यंत्रातील नोंदींचा मोह होतो. या मोहाचा शेवट कोठे होतो हेही आपण पाहिले आहे. संकटग्रस्तांशी लघुसंदेशांतून बोलणारी 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' ही अमेरिकी संस्था आपली संभाषणे, नावे-ओळखी काढून, ग्राहकसेवेची प्रणाली बनवणाऱ्या 'लोरिस' या कंपनीला देत होती. जानेवारी २०२२मध्ये हे वृत्तपत्रांत आले आणि काही दिवसांतच संस्थेने तो व्यवहार थांबवला. वापरकर्त्यांनी अटी मान्य केल्या होत्या, असा संस्थेचा युक्तिवाद होता. वही दाखवली होती, एवढाच त्याचा अर्थ. पण आत्महत्येचा विचार मनात असताना अटींची ती लिपी कोण वाचत बसणार?

दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तो अ‍ॅपपेक्षा जुना आहे. १९९०च्या दशकात विक्रम पटेल व त्यांचे सहकारी झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे काम करत होते. पाश्चात्त्य प्रश्नावलीचे भाषांतर करून न थांबता त्यांनी रुग्णांना, परिचारिकांना आणि पारंपरिक वैद्यांनाही विचारले की, या दुःखाला तुम्ही काय म्हणता? शोना भाषेतील 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, हा शब्द अशा विचारपुशीत पुढे आला आणि त्यातून १९९७ साली चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली प्रसिद्ध झाली. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेत सुरू केलेल्या 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमात आजीबाई बाकावर बसून लोकांचे ऐकतात, तेथे हीच प्रश्नावली वापरली जाते. येथेही नोंद होतेच. परंतु बोलणाऱ्याला ठाऊक असते की आपले ऐकले जात आहे, कोण ऐकत आहे आणि कशासाठी. शिवाय वहीतील शब्द त्याचेच असतात.

पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापन केली, त्यामुळे ही परंपरा आपल्या दारापर्यंत आलेली आहे. तरीही मराठी माणसाच्या हाती पडणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'आपणांस नैराश्य जाणवते का?' असा प्रश्न आला, तर 'नाही' असे उत्तर देऊन तो पुढे जाण्याचा संभव बराच. त्याचे 'मन कशात लागत नाही', त्याच्या 'जिवाला घोर लागलेला असतो', 'डोक्यात विचारांचे काहूर' असते. नैराश्य त्याने क्वचितच उच्चारलेले असते. हे भेद ऐकू येणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. असा अभ्यास अभियंत्यांवर व व्यवस्थापकांवर सोपवून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी स्वस्थ बसावे, हे आम्हांला पटत नाही.

वही लागणारच. ती उघडपणे धरावी, आणि जिचे शब्द तीत उतरले तिला वाचता येईल अशा लिपीत लिहावी, एवढेच फुलवालीचे मागणे होते. शंभराहून अधिक वर्षे झाली, ते अजून पुरे व्हायचे आहे.