डोक्यावरून पाणी

माणसाचं वय दोनच ठिकाणी खरं कळतं: बँकेच्या कागदावर आणि कानशिलावर. कागदावर खोडाखोड केली तर मी लगेच सही मागतो. कानशिलावरची खोडाखोड मात्र माणूस हजारो वर्षं बिनसहीची करत आला आहे. या खोडाखोडीच्या इतिहासात एका पात्रावर फार अन्याय झाला. ते म्हणजे पाणी.

जुने लोक पाण्याला विसरले नव्हते. स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला, की दक्षिण इटलीतल्या क्राथिस नदीत अंघोळ केली की केस पिवळे किंवा पांढरे होतात. पांढऱ्या केसांसाठी इतक्या लांब कशाला जायचं? मार्चअखेरचा ताळेबंद ते काम घरबसल्या करतो!

पुढे १९०७ साली पॅरिसच्या यूजेन शुएलर या रसायनतज्ज्ञानं कृत्रिम कलप बनवला आणि १९०९ साली कंपनी काढली. नाव काय, तर 'फ्रान्सची निरुपद्रवी केशरंग कंपनी'. तीच पुढे लॉरेआल झाली. पाटीवर 'निरुपद्रवी' लिहावं लागलं, यावरून आधीचे कलप काय उपद्रव करत असतील ते ओळखा.

कलप बाटलीत आला आणि माणूस पाण्याला विसरला. पाणी मात्र विसरलं नाही. साबणाला फेस येऊ न देणारं जे जड पाणी, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दर न्हाणीला केसांवर थोडं थोडं बसतं. आमच्या भाषेत ही आवर्ती ठेव. अशा केसांवर रंग सारखा चढत नाही. पाण्यात लोह असेल तर तांबूस झाक येते, तांबं असेल तर गोऱ्या लोकांचे सोनेरी केस चक्क हिरवट होतात. म्हणजे स्ट्रॅबो अगदीच थापा मारत नव्हता!

मुंबईला १८६० पासून विहार तलावाचं पाणी मिळू लागलं. तलावाचं पाणी म्हणजे पावसाचंच, स्वभावानं मऊ. उलट १९७२च्या दुष्काळात आणि नंतर गावोगाव बोअर खणल्या गेल्या. तहान भागली, हे मोठंच पुण्य. पण खडकातून मुरलेलं पाणी क्षार घेऊनच वर येतं. त्यामुळे बाटली तीच असली तरी दोन गावांत रंग दोन तऱ्हेचे दिसू शकतात.

गिऱ्हाईक मात्र सलूनवाल्यावरच खेकसतं, पैसे कापून घेतं, चार लोकांत त्याचं नाव घालवतं. बँकेत कॉम्प्युटर बंद पडला की बोलणी काउंटरवरच्या कारकुनाला बसतात, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा भांडायला जाण्यापूर्वी घरची बादली बघा. काठाला पांढरा थर दिसला, तर तोच डोक्यावरही साचतो आहे असं समजा.

बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाला आपण हुशार म्हणतो. मग बारा गावच्या पाण्यानं धुतलेली डोकी एकाच बाटलीनं काळी करणाऱ्याला काय म्हणायचं?